काळी चार

तिसरी घंटा व्हायच्या आधी
मी ऑर्गनचा भाता दोनदा रिकामाच हाणला.
डाव्या पायट्याचं कुरकुरणं जागच्या जागी.
'संगीत पाणपोई', प्रयोग तीनशे सतरा, सांगली.
बाहेर हाऊसफुल्लची पाटी,
पाटीवर हळदीचा पिवळा अंगठा,
कारण ती लावणारा आप्पा दिवसा यार्डात पोती मोजतो.

धनपाल मगदूम मागच्या दिवाळीतच गेला.
कारखान्याच्या वजनकाट्यावरची नोकरी सोडून
मुंबईला, मालिकेत.
तिथं तो सासरा आहे,
आणि गात नाही.

चंद्राक्का गेल्या गुडघ्यांपायी.
दुसऱ्या अंकात भुईवर बसायचं होतं;
बसणं जमे, उठणं नाही.
लेखक म्हणाला, खुर्ची लिहून देतो.
त्याच म्हणाल्या, पाणपोईवर खुर्ची कुठनं आणलीस बाबा?

आज विद्युल्लता.
पेपरवाल्यांना तिनं सांगितलं, घरगुती कारणं.
मला टपरीवर, बशीत चहा ओतता ओतता :
"मेहबूबभाई, हल्ली मला हशा आधी ऐकू येतो.
वाक्य मागनं म्हणते मी."

वखारभागात गूळवाल्याच्या गोदामात
पहिलं वाचन झालं तेव्हा अकरा जण होतो,
पंखा एक,
वर्तमानपत्रावर भडंग.
हिचा सूर सापडेना.
काळी दोन, नाही. पांढरी पाच, नाही.
काळी चारवर तिनं मान किंचित कलती केली,
बास,
मी बोट तिथं ठेवलं.
आठ वर्षं झाली. त्या पट्टीला
बशीसारखा खळगा पडलाय,
दिव्याखाली तिरकं बघितलं तरच दिसतो.

आता इस्लामपूरची नियती आवटी.
वय बावीस. गळा तयार, पाठांतर पक्कं,
सगळं नाटक मोबाइलवरच्या एका प्रयोगावरनं बसवलेलं.
कोऱ्या बांगड्या नको म्हणाली, बाईंच्याच द्या.
तालमीत दुसऱ्या पदाच्या अंतऱ्याआधी
ती बारीक खोकली.
परवाही तिथंच.
कालही.

मग मला उमगलं.
तो खोकला इचलकरंजीचा.
बाजूला माग चालू, हवेत सुताचा भुगा,
विद्युल्लतेला खरोखरीच ठसका लागला होता त्या रात्री,
आणि पोरीनं तोसुद्धा
चालीसकट उचललाय.
तबल्यावरचा बसवंत माझ्याकडं बघून हसला.
मी पट्ट्यांकडं बघत राहिलो.

शेवटची भैरवी.
मी सूर दिला.
तिनं घेतला नाही.
भाता मारतोय, सूर उभा आहे,
ती विंगेतल्या पाण्याच्या माठाकडं बघतेय,
खरा माठ, आम्ही सगळे त्यातलंच पितो.
लोकांना वाटलं अभिनय. पहिल्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले.
मला माहीत होतं, ती थांबून बघत होती
हशा नसलेल्या जागी
काही ऐकू येतं का.

मग गायली. बरी गायली.
त्याहून चांगली तासगावला गायली होती.

नारळ, शाल, फोटो.
स्कूटरला किक मारून विश्रामबागेकडं गेली,
कानामागचा रंग तसाच.
मी मिरजेची शेवटची बस गाठली.

पुढच्या रविवारी नियतीचा पहिला.
तिला काळी पाच लागते,
म्हणजे फक्त शेजारची काळी पट्टी,
पण आठ वर्षांची बोटं
पुलावरच्या म्हशीसारखी आपल्याच वाटेनं निघतात.
पहिल्या पदाला चुकलो. तिनं सांभाळून घेतलं,
माझ्याकडं न बघता.

दुसरं पद.
अंतऱ्याआधी ती खोकली,
आणि लोक हसले.
तिथं याआधी कधीच कुणी हसलं नव्हतं.
तीही दचकली, क्षणभर खरीखुरी,
आणि तशीच गायला लागली.

घरी येऊन वही काढली.
'काळी चार' शाईतलं आहे, खोडलं नाही.
त्याच्या बाजूला लिहिलं : काळी पाच.
खाली : खोकल्यानंतर दोन मात्रा थांबणे.

पेन्सिलनं.